दसऱ्याची कुलपं

"ताई, तिजोरीतला पासवर्ड मशीन घेईना झालंय."

चाकणच्या कारखान्याच्या गेटवरून सिद्धेशचा फोन आला तेव्हा आम्रपालीच्या हातात भाकरीचा शेवटचा घास होता. तिनं तो तसाच डब्यात ठेवला.

"नवा टाकलास ना? जेवायच्या आधी बदललाय मी."

"तिजोरीत जो हाय तोच टाकला. तीनदा टाकला. न्हाई म्हणतंय."

"आता चौथ्यांदा टाकू नकोस. बघते मी."

आकुर्डी स्टेशनच्या अलीकडे, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. माणसं चारच, त्यातला सिद्धेश कायम कारखान्याच्या गेटवर. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यातून माल भरलेला ट्रक बाहेर पडताना गेटवर जी पावती छापली जाते, ती छापणारा प्रोग्रॅम या चौघांनी बांधलेला, आणि तो ज्या सर्व्हरवर चालतो तोही यांनीच सांभाळायचा. पावती नाही तर ट्रक नाही, असा तिथला खाक्या.

सर्व्हरचे पासवर्ड ज्या फाईलमध्ये असत तिला हे लोक तिजोरी म्हणत. फाईल चौघांच्याही लॅपटॉपवर होती, पण कुलूपबंद. आम्रपाली कामाला लागली त्या दिवशी सुरेंद्रकाकांनी तिला ते कुलपांचं प्रकरण समजावून सांगितलं होतं. काका या टीमचे प्रमुख. पन्नाशी ओलांडलेले, पिंपळे गुरवला राहणारे, एकादशीचं कीर्तन जन्मात न चुकवलेले. माउससुद्धा चिपळ्या धरल्यासारखा धरत, आणि साधी मीटिंग घ्यायची तरी आधी पूर्वरंग, मग उत्तररंग.

"देव एक आणि भक्त चार, असं समज," ते म्हणाले होते. "प्रत्येकाचं कुलूप निराळं आणि प्रत्येकाची किल्ली निराळी. आपलं कुलूप सगळ्यांना वाटून टाकायचं, किल्ली मात्र बायकोलासुद्धा द्यायची नाही. दार उघडायला कुठलीही एक किल्ली पुरे. पण दार लावताना चौघांचीही कुलपं लावावी लागतात. कारण एकाचं राहिलं तर तो बिचारा कायमचा बाहेर. म्हणून आपला प्रोग्रॅम काय करतो, एक जरी कुलूप बिघडलं तरी दार लावूच देत नाही. कळलं?"

कळलं होतं. त्याच दिवशी त्यांनी डब्यातून अनारसे काढून तिच्या टेबलावर ठेवले होते. "धोंड्याचा महिना ना. जावयासाठी केलेत घरी, पण जावई बसलाय बंगळुरात. तू खा." आणि मग, "बाकीच्यांची कुलपं आपण दसऱ्याला बदलतो. खंडेनवमीला मशीनची पूजा आणि दसऱ्याला नवी कुलपं, दोन वर्षं झाली, ही आपल्या ऑफिसची रीत. तुझं मात्र आजच करून टाकू, शुभस्य शीघ्रम."

तेव्हापासून तीन महिने होत आले. ती अजून पक्की झाली नव्हती. या महिनाअखेरीला व्हायची होती.

तिनं किल्ली लावली. तिजोरी उघडली. आत पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आत जुनाच पासवर्ड होता. तिनं दुपारी घातलेल्या नव्या पासवर्डचा मागमूस नव्हता. आडातच नाही तर सिद्धेशच्या पोहऱ्यात कुठून येणार?

पण घातला तर होता. तिला लख्ख आठवत होतं. दर तीन महिन्यांनी सर्व्हरचा पासवर्ड बदलायचा, हा कारखान्याचाच नियम. तिनं सर्व्हरवर तो बदलला, मशीननंच बनवलेला, लांबलचक, माणसाच्या जिभेवर न बसणारा. तिजोरी उघडली, तो आत चिकटवला, लावायचा हुकूम दिला. पडद्यावरून भराभरा ओळी सरकल्या आणि शेवटी नेहमीसारखं उमटलं: *रामकृष्णहरी*. तिजोरी लावायचा प्रोग्रॅम काकांनी लिहिला होता. काम संपलं की तो एवढंच म्हणे, आणि ते उमटलं की चौघंही निर्धास्त होत.

"काय झालं गं?" पलीकडच्या टेबलावरून निमिषनं विचारलं. निमिष तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, कामात वाघ, बोलण्यात सुई.

तिनं सांगितलं.

"मग नवा पासवर्ड कुठंय?"

"तिजोरीत असायला हवा होता."

"नाहीये. अजून कुठं?"

"कुठंच नाही. लिहून ठेवायचा नाही म्हणून तूच बजावलं होतंस. कॉपी केलेला होता, पण नंतर मी पप्पांना एक फोन नंबर कॉपी करून पाठवला. त्याच्याखाली गेला तो."

"आणि तिजोरी उघडल्यावर निघते ती उघडी प्रत?"

"दार लागलं की प्रोग्रॅम ती पुसून टाकतो ना. पुसली त्यानं."

निमिषनं खुर्ची मागं ढकलली. त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि आम्रपालीचीही. गेटवरचा प्रोग्रॅम दुसऱ्या शिफ्टच्या तोंडाशी रोज स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सुरू होताना तिजोरीतला पासवर्ड मागतो. आज त्याला जुना मिळणार. सर्व्हर त्याला दारातूनच हाकलणार. मग पावती बंद, आणि साडेतीननंतर मालाचे ट्रक कारखान्याच्या आत, रिकामे ट्रक बाहेर, मध्ये चाकणचा रस्ता.

"तासभर आहे," निमिष म्हणाला. "काका येऊ देत चहा पिऊन."

पण काकांच्या आधी शेखर साहेबांचा फोन आला. शेखर म्हणजे त्या कारखान्याच्या सुरक्षेचे प्रमुख. सिद्धेशला गेटवर घाम पुसताना त्यांनी पाहिलं आणि त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या गेटमधून खोट्या पावतीवर एक अख्खा ट्रक माल बाहेर गेला होता. तेव्हापासून त्यांना पावतीच्या कागदावरसुद्धा माणसाचे ठसे दिसत. निमिषनं फोन स्पीकरवर ठेवला तेवढ्यात सुरेंद्रकाका जिना चढून आत आले आणि दारातच थबकले.

"पासवर्ड कुणी बदलला?" फोनमधून साहेबांनी विचारलं.

"मी," आम्रपाली म्हणाली.

"नवा काय आहे?"

"तो तिजोरीत गेला नाही, सर. का गेला नाही ते शोधतोय आम्ही."

"म्हणजे माझ्या सर्व्हरचा पासवर्ड या घडीला जगात कुणालाच माहीत नाही. की एकालाच माहीत आहे?"

निमिषनं आम्रपालीकडे पाहिलं.

"किती दिवस झाले तुम्हाला तिथं?"

"तीन महिने."

"बरं. आता त्यांच्या लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी तर नाहीच नाही. मी निघालोय, लॅपटॉप माझ्या ताब्यात द्यायचा. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर पोलिसांत तक्रार जाईल, आणि त्या तक्रारीत नाव मोघम नसेल. सुरेंद्रराव, ऐकताय ना?"

"ऐकतोय, साहेब," काका म्हणाले.

ज्याच्या हाती ससा तो पारधी. फाईलला शेवटचा हात तिचा होता, तेव्हा पारधी कोण हे ठरूनही गेलं होतं.

निमिषनं स्वतःच्या लॅपटॉपवर तिजोरी उघडली आणि काही न बदलता पुन्हा लावून पाहिली. यावेळी त्यानं सरकणाऱ्या ओळी थांबवून एकेक वाचली. वाचता वाचता त्याच्या कपाळावर आठी पडली. त्यानं पडदा काकांच्या बाजूला वळवला.

"काका, हे बघा. माझं कुलूप, निकामी. तुमचं, निकामी. सिद्धेशचं, निकामी. म्हणून दार लागतच नाही. आणि चौथं..." तो थांबला. "चौथं ठणठणीत आहे. आम्रपालीचं."

आम्रपालीला वाटलं, खोलीतला पंखा फिरायचा थांबला की काय.

"तिघांची एका वेळी मरतात आणि नेमकं एकच जगतं," निमिष म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं. "असं आपोआप होत नाही, काका. कुणीतरी केल्याशिवाय."

"निमिष, मी तुमच्या कुलपांना हातसुद्धा..."

"मी नाव घेतलंय का तुझं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते तिला नेहमी पोरी म्हणत. आज म्हणाले, "आम्रपाली, तू जरा त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बैस. लॅपटॉपपासून हात लांब घे."

ती उठली. वडील विलास पत्रा दाबणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये उभं आयुष्य उभ्यानं घालवून निवृत्त झालेले. दोन बोटांची पेरं मशीनला दिली, पण कुणाचा रुपया किंवा शब्द अंगावर घेतला नाही. घरातली पहिली इंजिनिअर म्हणून त्यांनी हिच्या पहिल्या दिवसाचा फोटो अजून फोनच्या पडद्यावर ठेवलेला. पोलिसांत जाणाऱ्या कागदावर नाव मोघम नसेल. म्हणजे त्यांचंही असेल, मधलं नाव म्हणून. एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

आणि मग एकदम दुसरं काहीतरी आठवलं.

"काका, माझा लॅपटॉप मिटू देऊ नका."

"आता काय?" निमिष म्हणाला.

"दुपारी मी सर्व्हरवर पडद्यावरच्या ज्या खिडकीतून शिरले ती अजून उघडी आहे. पासवर्ड दारात विचारतात, आत बसलेल्याला कुणी उठवत नाही. त्या खिडकीला मालकाचे हक्क आहेत. तिथून जुना न सांगता नवा पासवर्ड घालता येईल. पण लॅपटॉप झोपला, किंवा तासभर तिथं कुणी काही केलं नाही, तर सर्व्हर ती खिडकी बंद करेल, आणि तो तास भरत आलाय. मग कारखान्यात जाऊन मशीन उघडून बसावं लागेल. दिवस जाईल त्यात, रात्रही जाईल."

काकांनी लॅपटॉपकडे पाहिलं. पडदा मंद व्हायला लागला होता.

"साहेब म्हणाले हात लावू नका," निमिष म्हणाला. "आणि काका, ही सांगतेय म्हणून आपण तिच्या खिडकीतून काही केलं आणि त्यात दुसरंच काही निघालं तर?"

एक क्षण सुरेंद्रकाका दोघांच्या मध्ये उभे राहिले. मग ते तिच्या खुर्चीवर बसले आणि एक बोट त्यांनी माउसवर ठेवलं. पडदा उजळला.

"मी करणार काही नाही," ते म्हणाले. "फक्त जागं ठेवतो. जागरणाची सवय आहे मला." आणि अधूनमधून एक रिकामी ओळ त्या खिडकीत टाकत ते बसून राहिले, कुणाला डुलकी लागू नये म्हणून टाळ वाजवावा तसे.

हे अर्धंच होतं, हे तिला कळत होतं. खिडकीतून नवा पासवर्ड घातला तरी ठेवणार कुठं? कुलपं मेलेली असताना तिजोरी तो पुन्हा गिळून टाकणार. आणि कुलपं का मेली हे कळल्याशिवाय ते तिघं तिला त्या खुर्चीवर बसू देणार नव्हते. आजच काय, कधीच.

सिद्धेशचा फोन पुन्हा आला. "काका, साहेब मोशीच्या चौकात अडकल्यात म्हने. हितं ड्रायव्हर लोक इचारायला लागलेत. काय सांगू?"

"सांग, चहा प्या म्हणून," निमिष म्हणाला. "भावा, तुझं कुलूप तू कधी बदललं होतंस का रे एवढ्यात?"

"मी? न्हाई बा. मला तर ते बदलायचं कसं तेबी काकाच सांगत्यात."

निमिष जुन्या प्रती शोधत बसला. काका माउसवर बोट ठेवून. आम्रपाली खिडकीतून खाली रिक्षा स्टँडकडे पाहत. कुणीतरी केल्याशिवाय होत नाही. मग कुणी? सिद्धेशला येत नाही. निमिष स्वतःचं कुलूप स्वतः मोडणार नाही. काका... तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिचा फोन वाजला. पप्पा. निमिषनं मान वर केली.

"उचल, स्पीकरवर ठेव," काका म्हणाले.

"जय भीम, बाळा. कामात आहेस का? एकच विचारतो. उद्या चौदा तारीख, दीक्षेची. मी म्हणतो उद्याच जाऊ देहूरोडला धम्मभूमीवर, शनिवार आहे, तुला सुट्टी. पण तुझी आजी बसलीय हटून. म्हणते बाबासाहेबांनी दसऱ्याला दीक्षा दिली, मी दसऱ्यालाच जाणार."

मागून आजीचा, केसरबाईंचा, आवाज आला, चांगला खणखणीत. "तारीख का फारिख. दसऱ्यालाच जायचं म्हंजी जायचं."

"ऐकलंस? गेल्या वर्षी बरं होतं, दसरा आधी झाला, मग चौदा आली. हिचंही झालं, माझंही झालं. या वर्षी चौदा आधी येऊन बसली आणि दसरा गेला पार महिन्याच्या टोकाला. धोंड्याच्या महिन्यानं सगळं पुढं ढकललं बघ. हॅलो? आहेस का?"

आम्रपाली उभी राहिली होती.

"पप्पा, मी मग करते फोन." तिनं तो ठेवला. "काका, तुमची कुलपं तुम्ही कधी केलीत?"

"सांगितलं होतं की. दसऱ्याला."

"तारीख काय होती?"

"तारीख कशाला लक्षात राहील? दसरा म्हणजे दसरा."

"आणि मुदत किती ठेवलीत?"

"वर्षाची. दसरा ते दसरा." काका माउसवरचं बोट न उचलता तिच्याकडे वळले. "कुलपाला मुदत असावी, उद्या किल्ली हरवली तर ते आपोआप बाद व्हावं. दर दसऱ्याला नवी मुदत घालायची. गेल्या दसऱ्याला बरोब्बर घातली, तेव्हा काही झालं नाही."

"निमिष, मी हात लावत नाही कशाला. तूच बघ. कुलपावर मुदतीची तारीख असते. तुझ्या कुलपावरची वाच."

निमिषनं दोन कळा दाबल्या.

"पाच ऑक्टोबर," तो म्हणाला.

"काकांची?"

"पाच ऑक्टोबर. सिद्धेशची पण." त्यानं मान वर केली. "आज तेरा."

"गेल्या वर्षी दसरा पाच ऑक्टोबरला होता," आम्रपाली म्हणाली. शब्द एकमेकांवर आदळत होते, तिनं ते ओढून धरले. "मशीन तारीख मोजतं, काका, तिथी नाही. एरवी दसरा दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणून मुदत संपायच्या आधीच तुम्ही नवी घालत होतात. या वर्षी श्रावण दोन आले. दसरा पुढं गेला, मुदत तिथंच राहिली. पाच तारखेला तिघांची कुलपं संपली आणि कुणाला कळलंसुद्धा नाही, कारण तेव्हापासून तिजोरी फक्त उघडली जात होती. उघडायला जुनी किल्ली चालते. लावली आज, मी."

"आणि तुझं?"

"माझं धोंड्याच्या महिन्यात केलंत. अनारसे दिलेत त्या दिवशी. त्याला पुढच्या वर्षापर्यंत मुदत आहे."

काकांचं बोट माउसवर होतं, पण हलत नव्हतं. पडदा मंद होऊ लागला. निमिषनंच पुढं वाकून कळ दाबली.

"आणि ते रामकृष्णहरी?" निमिषनं हळूच विचारलं. तो आता काकांनी लिहिलेला प्रोग्रॅम उघडून वाचत होता. "काका, यात दार लागलं की नाही हे तपासलेलंच नाही. कुलूप बसो न बसो, उघडी प्रत पुसली जाते आणि शेवटी नाव उमटतं."

सुरेंद्रकाकांनी डोळे मिटले. अधिक महिन्यात एक दिवस न चुकवता ते देवळात गेले होते. बुवांनी त्या महिन्याची कथा सांगितली होती, बाराजणांत कुणीच जवळ न केलेला तेरावा महिना, ज्याला शेवटी देवानं स्वतःचं नाव दिलं. ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. आणि त्या तेराव्याला हिशेबात धरायचं मात्र त्यांच्याच हातून राहिलं होतं.

"पोरी," ते डोळे उघडून म्हणाले.

जिन्यावर बुटांचा आवाज आला.

शेखर साहेब आत आले ते थेट लॅपटॉपकडे बघत. मोशी ते आकुर्डी सगळा रस्ता त्यांच्या चेहऱ्यावर होता. "मी काय सांगितलं होतं? हात लावायचा नाही. तुम्हीच बसलाय त्याच्यावर?"

"बसलोय," काका म्हणाले. "आणि उठणार नाही. मी उठलो तर तुमचे ट्रक उद्यापर्यंत आत. आधी ऐका."

"ऐकायचं ते ठाण्यात ऐकतील."

"साहेब, चोर सापडलाय," सुरेंद्रकाका म्हणाले. त्यांचा आवाज कीर्तनात टिपेला जातो तसा गेला नाही, उलट खाली उतरला. "मी आहे. कुलपांची मुदत मी घातली, ती पंचांगानं घातली. दार लावायचा प्रोग्रॅम मी लिहिला, तो अर्धवट लिहिला. या मुलीचा दोष एवढाच, की तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. निमिष, दाखव."

निमिषनं चारही कुलपांच्या तारखा दाखवल्या. शेखरनी त्या दोनदा वाचल्या. मग त्यांनी आपल्या फोनवर गेल्या वर्षीचा दसरा शोधला. मान हलवली नाही, पण लॅपटॉपकडे निघालेला हातही मागं घेतला.

"आणि यांचंच एक चांगलं निघालं, ते?"

"त्याची जन्मतारीख पण आहे," निमिष म्हणाला. "जुलैची. ही आली त्या दिवसाची." आणि मग, जरा थांबून, खाली बघत, "मघाशी मी चुकीचं बोललो, साहेब. हा संशय तुमच्या आधी मीच घेतला."

शेखरनी घड्याळ पाहिलं. "शिफ्ट बदलायला किती वेळ आहे?"

"फार नाही."

"करा. माझ्यासमोर. आणि या बसणार नाहीत."

"नका बसू देऊ," आम्रपाली म्हणाली. "मी सांगते. काका, आधी तुमची मुदत वाढवा. ज्यानं त्यानं आपल्या किल्लीनंच वाढवायची असते."

काकांनी माउस निमिषकडे सोपवला आणि आपला लॅपटॉप ओढला. बोटं कळांवर गेली आणि अडली.

"आज चतुर्दशी," ते पुटपुटले. "उद्या सर्वपित्री. या पंधरवड्यात मी नवं काही..."

"काका."

"हो. करतो." त्यांनी एक सुस्कारा टाकला. "पितरांची गाडी अडली असती तर त्यांनीही हेच केलं असतं." मुदत वाढली. त्यांनी आपलं ताजं कुलूप बाकीच्यांना पाठवलं. निमिषनं आपलं केलं. सिद्धेशला फोनवरून एकेक कळ सांगावी लागली, मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते आणि तो "व्हय, दाबली, पुढं?" म्हणत होता. शेवटी त्याचंही आलं.

मग निमिषनं काकांचा प्रोग्रॅम दुरुस्त केला. दार खरोखर लागलं तरच प्रत पुसायची, तरच पुढची ओळ. ती ओळ खोडायला त्याचा हात गेला, तेव्हा आम्रपाली म्हणाली, "राहू दे. फक्त खरं झाल्यावर येऊ दे."

तिच्या उघड्या खिडकीत काकांनी, तिनं सांगितलं तसा, नवा पासवर्ड घातला. तो तिजोरीत ठेवला. लावायचा हुकूम दिला. ओळी सरकू लागल्या. चौघंही वाकून बघत होते, शेखरसुद्धा. पहिलं कुलूप बसलं. दुसरं. तिसरं. चौथं.

*रामकृष्णहरी*.

यावेळी कुणी निर्धास्त झालं नाही. फोन स्पीकरवर ठेवून सगळे वाट बघत उभे राहिले. चाकणला सिद्धेशनं आपल्या किल्लीनं तिजोरी उघडली. आत काय आहे ते तो मोठ्यानं वाचणार नव्हता, एवढं त्याला कळत होतं. मग भोंगा वाजल्याचा आवाज आला, शिफ्टचा. गेटवरचा प्रोग्रॅम बंद झाला. सुरू झाला.

"ताई," सिद्धेश म्हणाला. काकांना नाही, निमिषला नाही, ताईला. "पावती निघाली. पयला ट्रक सोडतोय."

आम्रपालीनं खिडकीचा गज धरला.

शेखर साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. त्यांना माफी मागायची सवय नव्हती आणि ती त्यांना जमलीही नाही. "मॅडम, तक्रार लिहिली नव्हती अजून," ते म्हणाले.

"मोघम नसेल म्हणाला होतात," ती म्हणाली.

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग काकांकडे वळून म्हणाले, "मला रिपोर्ट लागेल. आजच्या आज. वर जायचाय."

"मिळेल. त्यात नाव माझं असेल, आणि तेही मोघम नसेल. तिचं नावही घालतो. सापडलं कुणाला, तिथं."

साहेब निघून गेल्यावर निमिष तिघांसाठी चहा सांगायला स्वतः खाली उतरला. एरवी तो फोनवरूनच सांगे.

सुरेंद्रकाका अजून आम्रपालीच्या टेबलाशी बसून होते. "रीतच मोडून टाकतो," ते म्हणाले. "यंदापासून दसऱ्याला काही नको. पूजा करू, पेढे वाटू, बस."

"मोडू नका," आम्रपाली म्हणाली. "मुदत फक्त वर्षाची घालू नका. तेरा महिन्यांची घाला. मग दसरा कधीही आला तरी अलीकडेच येईल."

त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग पुन्हा मोजलं. चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणता आलं नसतं.

"तुझ्या आजीचं बरोबर आणि वडलांचंही बरोबर, म्हण ना." मग चष्मा काढून, "मघाशी तुला लांब बसायला सांगितलं मी."

"हो."

तिचा लॅपटॉप त्यांच्यापुढं अजून उघडा होता. सवयीनं त्यांचं बोट पुन्हा माउसकडे गेलं होतं. ते त्यांनी उचललं, खुर्चीवरून उठले आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आता तू बंद कर," ते म्हणाले.

ती येऊन बसली. उघडी खिडकी तिनं आधी नीट बंद केली, पासवर्ड टाकून पुन्हा उघडून पाहिली, पुन्हा बंद केली. मग लॅपटॉप मिटला आणि डब्यात राहिलेला भाकरीचा घास तोंडात टाकून पप्पांना फोन लावला.

"उद्या जाऊ, पप्पा," ती म्हणाली. "आणि आजीला सांगा, दसऱ्यालाही जाऊ."